बारा गावांत काही जाणवलं नाही

साधना मुनेश्वरबद्दल लिहायला मी सगळ्यात नालायक माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तिला शाळेपासून ओळखणारे आता बाभुळगावात फारसे उरले नाहीत, आणि जे उरलेत त्यांच्या लेखी ती नुसती ‘भूकंपवाली बाई’ आहे. ती काय करते हे मला ठाऊक आहे. मी तिचं काय केलं, हेही मलाच ठाऊक आहे.

आम्ही एका वर्गात होतो. तिचे वडील जिनिंगमध्ये हमाल. छप्पन साली ट्रकमध्ये उभं राहून नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि दोन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा ज्याला त्याला सांगत सुटले की ही शिकणार. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. साधना पहिल्या बाकावर बसायची आणि मी बरोबर तिच्या मागे, कारण तिथून तिची वही दिसायची. विज्ञानात मी पास झालो तो त्या वहीच्या जोरावर. ती कधी वही झाकायची नाही. मला वाटायचं, हिला कळत नाही. तिला सगळं कळायचं.

वणीला तिचे मामा कोळशाच्या खाणीत कामाला होते. उन्हाळ्याच्या सुटीत ती तिकडे जायची. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की घरातली भांडी वाजायची. आपण अशा वेळी कानावर हात ठेवतो. हिने परातीत पाणी भरून ठेवलं आणि सुरुंग उडाल्यावर पाणी किती वेळ थरथरतं ते मोजायला लागली. मग परात शेजारच्या घरी नेली, मग गल्लीच्या टोकाला. एका घरात पाणी खूप हलायचं आणि चार घरं पलीकडे हलायचंच नाही. मामा म्हणाले, जमीन आहे, तिची मर्जी. साधनाला ते पटलं नाही. एकच धक्का एका घराला कळतो आणि दुसऱ्याला कळत नाही, तर खाली काहीतरी वेगळं असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पुढची पन्नास वर्षं ती हेच म्हणत राहिली, फक्त परातीच्या जागी यंत्रं आली.

नागपूरला भूगर्भशास्त्र शिकून ती हैदराबादला एका संशोधन संस्थेत लागली. भूकंपाच्या विभागात ती पहिली बाई. एकदा मी तिला विचारलं होतं की जमिनीच्या आतलं तुला बाहेर बसून कसं कळतं. ती म्हणाली, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छाती भरली आहे का ते सांगतो ना, तसं. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून फिरून येतात, कुठे वाकतात, कुठे विझतात, कुठे उशिरा पोचतात. त्यावरून आत काय घट्ट आहे आणि काय ढिलं, ते ओळखायचं. लग्न तिने केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायची, “वेळच नाही भेटला.”

त्र्याऐंशी सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डोंगराळ भागात भूकंपाचे लहानसे धक्के बसले होते आणि साधना एकटी चाळीस वस्त्या फिरून लोकांना विचारून आली होती, कुठे किती हललं. कागद पाहून तिचे साहेब भर बैठकीत म्हणाले, बाईमाणूस एवढं फिरली म्हणता? हे तर घरी बसून भरलेलं दिसतंय. सगळे हसले. मग तिच्या मागे दोन माणसं पाठवली, खरंखोटं करायला. त्यांनी वस्त्या फिरून पाहिल्या. एकही आकडा चुकीचा निघाला नाही. तरी कुणी तिला ‘चुकलं आमचं’ म्हटलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक कागदावर सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा घ्यायला लागली.

निवृत्त झाल्यावर ती बाभुळगावला परत आली, वडिलांच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि राहू लागली. तोवर मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो होतो. संध्याकाळी तिच्याकडे चहाला जायचो. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती मला चंदू म्हणायची, त्यामुळे लोकांना गंमत वाटायची.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळी सहाच्या सुमारास, आपल्याकडे धक्का बसला. मी फिरायला निघालो होतो, मला काही कळलं नाही. सात वाजता साधना दारात.

“चंदू, किती सेकंद?”

“कायचे सेकंद?”

तिने कपाळावर हात मारला. पण इतक्या खुशीत मी तिला शाळेनंतर पाहिलं नव्हतं. आयुष्यभर परक्या मुलखातले भूकंप मोजले, आणि आता भूकंप आपल्या पायांनी घरी आला होता. आठ दिवसांत तिने छापील फॉर्म तयार केले. घाटंजीच्या बाजूची तीस गावं निवडली.

“सोळा मायाकडे, चौदा तुयाकडे,” ती म्हणाली. “एक ध्यानात ठेव. घरच्या बायकाइले विचारजो. चालणाऱ्या माणसाले कळत नाही, बसलेल्याले कळते, निजलेल्याले सगळ्यात आधी कळते. आन सही घेतल्याबिगर उठू नको.” मग फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात देताना त्र्याऐंशी सालची ती गोष्ट तिने मला पहिल्यांदा सांगितली. “म्हणून कोणालेही देत नाही मी हे काम,” ती म्हणाली.

आता आम्हा मास्तर लोकांची एक गोष्ट सांगतो, जी आमच्यातला कोणी बाहेर सांगत नाही. बत्तीस वर्षं सरकारने आम्हाला मोजायला लावलं. शौचालयं मोजा, शाळाबाह्य मुलं मोजा, गाई-म्हशी मोजा. एका मास्तरने शिकवायचं कधी आणि मोजायचं कधी? मग आम्ही दोन घरं फिरायचो आणि उरलेलं गाव हॉटेलात बसून भरायचो. आमच्यात त्याला चहा-सर्वे म्हणत. त्यात माझा हात धरणारा पंचायत समितीत कोणी नव्हता. नावं मला तोंडपाठ असायची.

पहिल्या दिवशी मी दोन गावं खरंच केली. एप्रिलचं ऊन होतं, हे मी कारण म्हणून सांगत नाही, ऊन साधनालाही तेवढंच होतं, आणि वर तिचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी मी घाटंजीच्या स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो, आलुबोंडा मागवला आणि बारा गावं तिथेच उरकली. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न होता, धक्का जाणवला का? ‘हो’ लिहिलं की खाली अकरा रकाने: बसले होते की निजले होते, भांडी वाजली का, टांगलेली वस्तू झुलली का, जनावरं बुजली का, असं बरंच काही. ‘नाही’ लिहिलं की थेट सही. मी बारा गावांना ‘काही जाणवलं नाही’ लिहिलं, ते एवढ्यासाठी. अकरा रकाने भरायचे वाचावेत म्हणून. शाईचा पॅड पिशवीत होताच. डावा अंगठा, उजवा अंगठा, मग दोन-चार बोटं. काही ठिकाणी वेगवेगळ्या वळणाच्या सह्या केल्या. हॉटेलवाल्याने बोटं पुसायला रद्दी दिली.

साधनाने तीस गावं नकाशावर मांडली. जिथे हललं तिथे काळा ठिपका, जिथे नाही तिथे पांढरं वर्तुळ. चहूबाजूंनी काळे ठिपके आणि मधोमध माझी बारा पांढरी वर्तुळं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“चंदू, पाहाय बरं! वणीचंच घर आहे हे, मामाच्या शेजारचं. इथं खाली काहीतरी आहे. काळ्या खडकाच्या खाली. सारा धक्का ते पिऊन राह्यलं.”

त्या क्षणी सांगितलं असतं तर फॉर्म फाडून तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. तिचा चेहरा पाहून माझं तोंड उघडलं नाही. असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

तिने लेख लिहिला, तो छापून आला. शेवटी माझे आभार मानले होते, चौदा गावं उन्हात पायी फिरल्याबद्दल. मी ते पान फ्रेम करून बैठकीत टांगलं. कोणी आलं की माझी सून केतकी कौतुकाने दाखवायची. मी शेवटची अकरा वर्षं वरूडखेडच्या शाळेत होतो. त्या शाळेने सव्वीस जानेवारीला माझा सत्कार केला. हेडमास्तर भाषणात म्हणाले, आपल्या वरूडखेडखाली असं काही दडलं आहे की भूकंपही इथे गप्प होतो. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि फोटोला उभा राहिलो.

फेब्रुवारीत साधनाने जुन्या संस्थेकडून जमिनीची थरथर टिपणारं एक यंत्र मागून आणलं, पोळ्यांच्या डब्याएवढं. गप्प गावांपैकी एखाद्या गावात शांत घर पाहून ते जमिनीवर ठेवायचं होतं. तिने मोहापोड निवडलं. ती कोलाम आदिवासींची वस्ती, तीसेक घरांची. मी तिथे तरुणपणी चार वर्षं शिकवलं होतं. माझ्या स्कूटीवर ती मागे बसली, यंत्र मांडीवर आणि बॅटरी माझ्या पायांशी. मी वाटभर देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

पहिल्याच अंगणात एक म्हातारी टोपलं विणत बसली होती. हंसाबाई टेकाम. तिने मला ओळखलं. “मास्तर! या ना.”

साधना तिच्यापाशी खाली बसली. “मावशी, मागच्या साली मोहफुलाच्या दिवसात जमीन हालली होती म्हणते. तुमच्याकडे कळलं नाही ना काही?”

“हाललं ना व बाई!” हंसाबाईने कांब खाली ठेवली. “सारे मोहफुलं वेचाले गेलते. मी एकटी चुलीपाशी. गंज लवंडला, सारा चहा चुलीत. मले वाटलं चक्कर आली का काय. वर पाह्यलं तं खुंटीवरची टोपली झुलून राह्यली. अशी.” तिने हात हलवून दाखवला.

साधनाने फाईल उघडली आणि मोहापोडचा फॉर्म काढला. “मावशी, बळीराम टेकाम कोण?”

“माया बुढा.”

“कुठी आहेत ते?”

“कुठी रायतीन? तीन साल झाले त्याले जाऊन.”

फॉर्म दहा महिन्यांपूर्वीचा होता. त्यावर लिहिलं होतं, बळीराम टेकाम, वय पासष्ट, काही जाणवलं नाही. खाली अंगठा होता. माझा.

बळीराम मला टेंभरं आणून द्यायचा, पानाच्या द्रोणात. मुलं सुटेपर्यंत शाळेच्या दाराशी उभा राहायचा, आत यायला संकोचायचा. त्याचं नाव लक्षात होतं म्हणून तर मी लिहिलं. तो गेला हे मला माहीतही नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला मी दहा किलोमीटर आलो नव्हतो.

“तुमी इचाराले आलते का मास्तर?” हंसाबाई सरळपणे म्हणाली. “मले तं कोनी इचारलंच नाही.”

मी बॅटरी हातात धरून उभा होतो. साधनाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने जुना फॉर्म घडी करून फाईलमध्ये ठेवला, कोरा काढला आणि म्हणाली, “आता विचारून राह्यली मी. सांगा मावशी. कशा बसल्या होत्या, चुलीकडे तोंड करून?” अकराही रकाने तिने विचारून भरले. हंसाबाईने टोपली कोणत्या दिशेने झुलली तेही सांगितलं. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी मेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, आणि हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही.

परतताना तिने एका निंबाखाली स्कूटी थांबवायला सांगितली.

“मी...” मी सुरुवात केली.

“माफी नको, चंदू. कोणत्या गावात गेलता आन कोणत्या नाही, एवढं सांग.”

मी गावांची नावं सांगितली. आणि इथे माझ्या हातून जे झालं ते आधीच्या सगळ्यापेक्षा वाईट आहे. मी गेलो होतो दोन गावांत, सांगितलं तीन. तिसरं वरूडखेड. त्या शाळेत, जिथे मला शाल दिली, तिथे जाऊन माझ्यादेखत साधना विचारणार, आणि लोक म्हणणार, सर तर आलेच नव्हते. तेवढं एक मला झेपणार नव्हतं. पकडला गेलेला चोरसुद्धा एखादी वस्तू लपवतो, तशातला प्रकार.

मोहापोड झालं होतं. उरलेली दहा गावं आम्ही पंधरा दिवसांत केली. दहाही गावांत हललं होतं. प्रत्येक ठिकाणी ती माझी ओळख करून द्यायची, “हे सर मायासंग काम करतात.” टोमणा म्हणून नाही. तिला टोमणे मारता येत नाहीत. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिने मासिकाला दुरुस्ती पाठवली, त्यात लिहिलं: अकरा गावांची माहिती चुकीची होती, ती तपासून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, जबाबदारी माझी. मी म्हटलं, माझं नाव टाक. ती म्हणाली, “तुयं नाव टाकलं तं लोक म्हणतीन, बाईनं दुसऱ्यावर ढकललं.” दुरुस्ती छापून आली त्या आठवड्यात तिला हैदराबादहून फोन आला. त्र्याऐंशी सालच्या त्या बैठकीतला कोणी म्हातारा. मी समोर बसलो होतो. तो पलीकडून हसत होता ते मला ऐकू येत होतं. फोन ठेवून साधना म्हणाली, “म्हणते, शेवटी घरी बसूनच भरलं ना?” आणि चहा करायला उठली. चाळीस वर्षं जे खोटं होतं ते मी खरं करून दाखवलं होतं.

घरी येऊन मी फ्रेम काढली. केतकीने विचारलं, काच फुटली का? मी हो म्हणालो.

जूनमध्ये तिने मला नकाशा दाखवला. सगळे ठिपके काळे झाले होते. मधे एकच पांढरं वर्तुळ, वरूडखेड.

“एक तरी उरलं,” ती म्हणाली. आवाजात पुन्हा तीच खुशी होती, थोडी भीत भीत आलेली. “तू सोता गेलता म्हणून भरोसा आहे याच्यावर. यंत्र तिथं ठेवू. शाळेतच ठेवू, तुया वळखीची आहे.”

मी चहा तसाच ठेवून घरी आलो. शाळेत पुढच्या बाकावरची वही, आणि आता हे. एका वर्तुळावर ती पुन्हा आयुष्याचा प्रश्न मांडून बसणार होती.

शनिवारी सकाळी मी एकटाच वरूडखेडला गेलो. शाळेत खिचडी शिजवणारी तुळसाबाई मागच्या नळावर भांडी घासत होती. मी कोरा फॉर्म काढला आणि विचारलं, त्या दिवशी इथे काही हललं होतं का?

“आता इचारता का सर?” ती हसली. “घरी मी निजली होती. फळीवरचे दोन डबे खाली. नातू रडाले लागला. तुमचा सत्कार झाला ना, हेडसर म्हणले इथं काही हाललंच नाही, तवा मी आलती तुमाले सांगाले. तुमी म्हणले, बाई, फोटो काढून राह्यले, मंग सांगजा.”

मला आठवलं. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ही समोर उभी होती. मी अकरा रकाने तिला विचारून भरले. तिने पदराला हात पुसून सही केली, मोठ्या अक्षरात.

तिथून थेट साधनाकडे गेलो आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

“हे कधी भरलं?”

“आज.”

“आन आधीचं?”

“हॉटेलात. तिसऱ्या गावात मी गेलोच नव्हतो, साधना. तेव्हाही खोटं बोललो.”

तिने पेन्सिल उचलली, नकाशावरच्या त्या वर्तुळापर्यंत नेली आणि परत खाली ठेवली.

“उद्या आठ वाजता गाडी घेऊन ये,” ती म्हणाली.

“कायले? हे खरं आहे. तुळसाबाईची सही आहे याच्यावर.”

“असन,” ती म्हणाली. “पाहून येऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वरूडखेडला गेलो. रविवार होता, शाळा बंद, म्हणून तुळसाबाईचं घर विचारत गेलो. साधना गुडघा धरून उतरली, काखेत फाईल घेतली. मी तिच्यामागे निघालो तशी ती वळली.

“तू बाहेर थांब.”

दार उघडंच होतं. आतून तुळसाबाईचा आवाज येत होता, फळी, दोन डबे, नातू. मी लिहिलं होतं तसंच सगळं, एका शब्दाचा फरक नव्हता. मी बाहेर थांबलो.